ऑपरेशननंतरचे रक्ताचे आकडे

इथे अश्दोदला आमच्या शेजारणीचे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. दुसऱ्याच दिवशी नातवाने मोबाईलवर रिपोर्ट वाचला, "आजी, सीआरपी शंभराच्या वर!" बाईंना वाटले रोग परतला. पेजेची वाटी बाजूला सारून रडत बसल्या.

आम्ही नर्सिंगमध्ये हयात घालवली, तरी त्यांना समजावताना घाम फुटला. बाळांनो, सीआरपी हे यकृतात बनणारे प्रथिन. शरीरावर सुरी चालली की ते रक्तात धावते, दोन-तीन दिवस चढते, मग उतरते. त्याच वेळी अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन खाली जाते; तेही बहुतेकांचे होतेच. पण चौथ्या दिवशीसुद्धा सीआरपी चढेच राहिले तर डॉक्टर सावध होतात. आतड्याचा जोड गळतोय का, आत पू झालाय का, ते बघतात.

कॅन्सरवर नजर ठेवायचे प्रथिन वेगळे, सीईए. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते १९६५ साली उजेडात आणले. आधी वाढलेले असेल आणि गाठ पुरती निघाली, तर साधारण चार-सहा आठवड्यांत ते उतरते. पुढे काही वर्षे दर तीन-सहा महिन्यांनी तपासतात. सिगारेटवाल्यांचे मुळातच थोडे जास्त असते (ऐकताय ना, आजोबा?). एकदा वाढले तर पुन्हा तपासतात, वाढतच गेले तर स्कॅन. काही गाठींत मात्र ते वाढतच नाही, म्हणून कोलोनोस्कोपी चुकवू नये.

पाचव्या दिवशी बाईंचे सीआरपी उतरले. त्यांनी स्वतःहून पेज मागितली, वर लोणचेही! लोणचे आम्ही दिले नाही.