स्कॅंडिनेव्हियन भाषांतील ‘सिन’ : व्युत्पत्ती आणि व्याकरण

डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन या भाषांत ‘सिन’ हे स्वामित्वदर्शक सर्वनाम पदोपदी आढळते. ‘पेर एल्स्कर सिन कोने’ या नॉर्वेजियन वाक्यात पेर स्वतःच्या पत्नीवर प्रेम करतो. ‘सिन’च्या जागी ‘हान्स’ घातल्यास ती पत्नी दुसऱ्या कोणाची तरी ठरते. एका शब्दाच्या निवडीवर नाटकातील नातेसंबंध अवलंबून राहू शकतात.

‘सिन’चे पूर्वरूप प्राचीन नॉर्समधील ‘सिन्न’ होय. त्याचे आत्मवाचक रूप ‘सिक’. त्यापासून आजचे ‘सिग’, ‘सेग’ आले. हेच ‘सिक’ क्रियापदास जोडले जाऊन प्रथम ‘-स्क’ व पुढे ‘-स’ हा प्रत्यय बनला. स्वीडिश ‘कालास’, म्हणजे ‘म्हटले जाते’, यातील कर्मणी रूप त्यातूनच घडले. या सर्वांचे मूळ इंडो-युरोपीय आत्मवाचक धातूत असून लॅटिन ‘सुउस’ व संस्कृत ‘स्व’ त्याचेच सगोत्र आहेत. मराठी ‘आपला’ मात्र ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्प’ या निराळ्या परंपरेतून आला आहे. कार्य समान, कूळ भिन्न.

‘सिन’ केवळ तृतीय पुरुषी कर्त्याकडे निर्देश करतो. मराठी ‘आपला’ आदरार्थी द्वितीय पुरुषासाठी आणि श्रोत्यासह ‘आपणा सर्वांचा’ या अर्थीही येतो. ‘सिन’ला स्वतः कर्तृपदाचा घटक होता येत नाही, ‘पेर आणि त्याची पत्नी आले’ अशा वाक्यात ‘हान्स’च हवा. मराठीतही तेथे ‘आपली’ येत नाही. कर्ता अनेकवचनी असल्यास स्वीडिशमध्ये ‘सिन’ चालतो, तर डॅनिशमध्ये सामान्यतः ‘देरेस’ वापरतात.

प्राचीन इंग्रजीतही ‘सीन’ होता, पण तो लोपला. आधुनिक इंग्रजीतील ‘हिज’ दोन्ही अर्थ वाहतो. इब्सेनसारखा नाटककार इंग्रजीमार्गे मराठीत येतो, तेव्हा मुळात व्याकरणानेच स्पष्ट केलेला भेद मधल्या भाषेत पुसला जातो. मराठीत ‘आपला’ असल्याने तो पुन्हा साधणे शक्य असते. तथापि मराठी ‘त्याचा’ कर्त्यालाही लागू पडू शकतो, हे अनुवादकाने ध्यानी ठेवावयास हवे. म्हणून ‘सिन’साठी ‘आपला’ योजावा, आणि ‘हान्स’ संदिग्ध होत असेल तेथे संबंधित व्यक्तीचे नाव द्यावे. मूळ संहिता समोर ठेवण्याची गरज अशा लहान शब्दांतच प्रत्ययास येते.