धाकट्या भावाची खोली

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून दक्षिण टिरोल नावाचा प्रांत आहे. मेरान शहरातून बस धरून उल्टेनच्या खोऱ्यात वर वर जात राहिलं की हिरव्या उतारांवर एकेकटी उभी असलेली लाकडी घरं दिसू लागतात. आपल्याला वाटतं, विखुरलेली वाडी असेल. पण यातलं प्रत्येक घर म्हणजे एक स्वतंत्र शेत आहे. घर, गोठा, कुरण, जंगलाचा तुकडा आणि पाण्याचा हक्क मिळून जे एकसंध काही होतं, त्याला तिथे 'होफ' म्हणतात. होफला नाव असतं आणि ते आडनावापेक्षा मोठं असतं. माणसाला हाक पडते ती शेताच्या नावाने. घरजावई होऊन आलेलासुद्धा हळूहळू त्याच नावाने ओळखला जातो.

यातल्या बऱ्याच घरांत आज पाहुण्याला खोली मिळते. आल्प्स म्हटलं की मराठी माणसाला हिंदी सिनेमातली गाणी आणि स्वित्झर्लंडची सहल आठवते: सात दिवस, चार शहरं, बर्फात एक फोटो आणि रात्री डाळभात. त्या घाईत शेतघर बसत नाही. तिथे निदान तीन-चार रात्री एका जागी राहावं लागतं, कारण बघण्यासारखं जे आहे ते रोज तेच घडत असतं.

आधी हे शेत टिकलं कसं ते सांगतो, कारण पाहुण्याच्या खोलीचं मूळ तिथेच आहे.

टिरोलमध्ये जुन्या काळापासून रीत अशी की होफ एकाच वारसाकडे जायचा. १९०० साली तिचा कायदा झाला. अशा शेताला 'बंद होफ' म्हणतात. बंद म्हणजे त्याचा तुकडा पाडता येत नाही. बाकीच्या भावंडांना पैसे मिळतात, पण ते जमिनीच्या बाजारभावाने नव्हे, तर शेत किती पिकवतं त्या हिशोबाने. बाजारभावाने द्यायचे म्हटलं तर वारसाला शेत विकूनच द्यावे लागले असते. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे गेला आणि १९२९ मध्ये इटलीने जुना कायदा मोडीत काढला. लोकांनी रीत सोडली नाही. १९५४ मध्ये प्रांताने स्वतःचा कायदा करून बंद होफ परत आणला. वारस ठरवताना मुलाला मुलीपेक्षा जास्त मान होता, तो मात्र २००१ च्या कायद्याने गेला. दोनशे वर्षं एकाच घराण्यात राहिलेल्या होफला 'वारसा-होफ' असा किताब मिळतो, आणि तशी पाटी दारावर लावलेली घरं या प्रांतात हजाराहून जास्त आहेत.

ही व्यवस्था गोड नव्हती. ज्यांना शेत मिळालं नाही त्यांच्यासाठी कायद्याच्या भाषेत शब्द आहे, त्याचा अर्थ 'बाजूला होणारे वारस'. ते शहरात गेले, मठात गेले, किंवा लग्न न करता भावाच्याच शेतावर गडी म्हणून राबत राहिले. पण वाटणी केली असती तर काय, याचंही उत्तर शेजारीच आहे. पश्चिमेकडच्या फिन्शगाउ खोऱ्याच्या वरच्या भागात जमीन सगळ्या मुलांत वाटायची पद्धत होती. तुकड्यांचे तुकडे झाले. तिथून, आणि आल्प्सच्या इतर गरीब खोऱ्यांतूनही, मार्च महिन्यात मुलं बर्फातल्या खिंडी पायी ओलांडून जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये जात. राव्हेन्सबुर्गच्या बाजारात मोठे शेतकरी त्यांना हंगामापुरतं कामाला धरत. नोव्हेंबरमध्ये मुलं थोडे पैसे आणि अंगभर नवे कपडे घेऊन परतत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं पाहिलेल्या आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठाऊक असलेल्या वाचकाला यावर वेगळं भाष्य नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आले, हॉटेलं आली. गडी गेले, मोलकरणी गेल्या, अविवाहित काकाही गेले. घरात खोल्या रिकाम्या पडल्या. दुसरीकडे दहा-पंधरा गायींच्या दुधावर घर चालेना. उतार इतका तीव्र की पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर उभा राहत नाही. गवत हातविळ्याने किंवा छोट्या कापणी यंत्राने कापायचं आणि दंताळ्याने खाली ओढायचं. सपाटीवरचा डेअरीवाला जे तासात करतो त्याला इथे दिवस जातो, आणि दुधाचा भाव तो दिवस मोजत नाही. मग रिकाम्या खोलीत पाहुणा आला. म्हणजे हौसेने आलेला शहरी माणूस ज्या पलंगावर झोपतो, तो बहुधा शेत न मिळालेल्या धाकट्या भावाचा.

इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा देशभरासाठी कायदा केला. त्यातली कळीची अट अशी, की शेती मुख्य आणि पाहुणे दुय्यम. गोठा बंद करून नुसत्या खोल्या भाड्याने दिल्या तर ते कृषी पर्यटन नव्हे. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा जीव या एका अटीत आहे. आपल्याकडे राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. पण हुरडा पार्टीच्या नावाखाली जलतरण तलाव आणि डीजे पाहिले की ही अट आठवते. दक्षिण टिरोलमध्ये शेतकरी संघटनेने 'रोटर हान', म्हणजे 'तांबडा कोंबडा' या नावाखाली अशी शेतघरं एकत्र आणली आहेत. हॉटेलांना तारे असतात, यांना फुलं असतात. नावाची मात्र गंमत आहे. जर्मन म्हणीत एखाद्याच्या छपरावर तांबडा कोंबडा बसवणं म्हणजे त्याचं घर पेटवून देणं! उल्टेनमध्ये राहतं घर आणि वैरणीचा गोठा थोडं अंतर ठेवून दोन वेगळ्या इमारतींत बांधतात. एकाला आग लागली तरी दुसरं वाचावं, हा त्याचा एक फायदा. लाकडी छपरांच्या मुलखात ज्याची सर्वांत धास्ती, तोच कोंबडा आता स्वागताला दारावर.

घरात गेल्यावर पहिल्यांदा ओळख होते ती 'श्टूबे'शी. लाकडाने मढवलेली बुटकी खोली, एका कोपऱ्यात मोठी भट्टी, समोरच्या कोपऱ्यात क्रूस आणि त्याखाली जेवणाचं टेबल. जुन्या काळी घरातली धड ऊबदार खोली एवढीच, म्हणून जेवण, शिवण, भांडण, मयत सगळं इथेच. भट्टीचं तोंड मात्र स्वयंपाकघराच्या किंवा ओसरीच्या बाजूला असतं. लाकडं तिकडून सारायची, त्यामुळे श्टूबेत धूर येत नाही. ही अक्कल बघून मला आमच्या चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या आज्यांची आठवण झाली. बोलणंही इथे घरगुतीच: डोंगरात ठरावीक उंचीच्या वर अहो-जाहो संपतं, असं तिथले लोक गमतीने म्हणतात. तुम्हालाही लगेच एकेरीत विचारलं जाईल.

टेबलावर 'श्युटलब्रोट' येतो: राईच्या पिठाचा पातळ, कडक, भाकरीएवढा पाव. पूर्वी भट्टी वर्षातून मोजक्या वेळा पेटायची, म्हणून महिनोनमहिने टिकेल असा पाव करत. तो मोडून तोंडात टाकला की ओळखीचा वास येतो. त्यात बडीशेपेसोबत निळ्या फुलांची एक वनस्पती वाळवून घालतात, ती आपल्या मेथीची सख्खी बहीण. परमुलखात मेथी अशी अचानक भेटते. सोबत 'श्पेक' असतो, म्हणजे हलका धूर देऊन डोंगरवाऱ्यात महिनोनमहिने मुरवलेलं डुकराचं मांस. शाकाहाऱ्याने उपाशी राहायचं कारण नाही. पालक आणि ताजं चीज भरलेले, उकडलेल्या करंजीसारखे 'श्लुट्सक्रापफेन' वर लोणी सोडून येतात.

फिरायचं तर फिन्शगाउच्या पाटांच्या कडेने. आल्प्सच्या मानाने हे खोरं कोरडं, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशासारखा. म्हणून हिमनद्यांचं पाणी कड्याकड्याने, काही ठिकाणी लाकडी पन्हळींतून, मैलोनमैल आणलेलं. या पाटाला 'वाल' म्हणतात आणि पाटकऱ्याला 'वालर'. पाण्यात एक छोटं चाक बसवलेलं असतं. ते फिरलं की एक हातोडी घंटेवर आपटत राहते. वालर रात्री झोपायचा तो ती टणटण ऐकत. आवाज थांबला की उठायचं, कारण वर कुठेतरी पाणी अडलं किंवा पाट फुटला. आता बऱ्याच बागांना तुषार सिंचन आलं आहे, पण काही पाट अजून वाहतात.

संध्याकाळी सगळे पाहुणे गोठ्यात जमतात. राखाडी गायी, दुधाच्या यंत्राची धडधड, शेणाचा वास. पाहुण्यांच्या पोरांना वासराची बाटली धरायला मिळते आणि ती हरखून जातात. घरधनी कुणाकडे फारसं बघत नाही. दूध संघाची गाडी ठरल्या वेळी येते आणि तिला उशीर चालत नाही. गवतकापणीचे दिवस असतील तर बोझेन शहरातल्या कचेरीत नोकरी करणारा त्याचा भाऊ शनिवारी गाडी घेऊन येतो, बूट बदलतो आणि दंताळं घेऊन उतारावर जातो. रात्री तो श्टूबेतल्या बाकावरच आडवा होतो. वरची खोली पाहुण्यांना दिलेली असते.