अंगणातली नाव

गडचिरोली जिल्ह्यात नाव दुरुस्तीला काढायची ती मे महिन्यात. एक तर वैनगंगा तेव्हा वाळूतल्या दोन-तीन धारांवर आलेली असते, मोठ्या जाळ्याचं काम जवळपास थांबलेलं असतं. आणि डांबर लाकडात मुरायला असं ऊन पुन्हा वर्षभर मिळत नाही. अडचण एवढीच की मे हाच तेंदूपत्त्याचाही महिना. चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या एका ढिवर कुटुंबाकडे मी हे काम पाहायला जात असे. त्यांची सकाळ पुरी जंगलात जायची. दुपारनंतर अंगणात एकीकडे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं चालायचं आणि दुसरीकडे आंब्याच्या सावलीत, दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली नाव.

पंधरा-सोळा फूट लांब, मधोमध जेमतेम तीन फूट रुंद, बूड सपाट. नदी वाळूची असली की बूड सपाटच हवं. घोटाभर पाण्यातूनही नाव सरकली पाहिजे. दक्षिणेकडे भामरागडला, इंद्रावती आणि पर्लकोटेच्या काठी, अजून एका खोडाचा कोरलेला डोंगा दिसतो. डोंग्याला सांधाच नसतो, त्यामुळे गळतीची कटकट कमी; पण एका डोंग्यासाठी एक अख्खं जुनं झाड जातं, आणि तेवढ्या घेराचं झाड आता ना सहज सापडतं, ना तोडता येतं. वैनगंगेकाठी म्हणूनच फळ्यांची नाव. फळ्या आल्या की सांधे आले, सांधे आले की दर उन्हाळ्याचं हे काम आलं.

पहिलं काम खरवडण्याचं. जुनं डांबर खुरप्यानं काढलं जातं आणि खालचं लाकूड उघडं पडतं. मग घरचे आजोबा हातोडीच्या दांड्यानं फळीवर टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. चांगली फळी टणक वाजते, कुजलेली बद्द. शंका आली की तिथं खिळा टोचून पाहायचा; सहज आत गेला तर तेवढा तुकडा काढायचा. लाकूड आधी कुजतं ते बहुधा खिळ्याभोवतीच. लोखंड गंजतं, गंज भोवतालचं लाकूड काळं आणि भुसभुशीत करतो, खिळा सैल होतो, आणि त्या भोकातून पाणी आत येतं. नावेचं खरं दुखणं बुडाच्या फळीत कमी आणि खिळ्यांत जास्त, हे मला तिथं कळलं.

बदलायची फळी आणायची कुठून? हा प्रश्न या जिल्ह्यात विचारावा लागतो, याची मला गंमत वाटते आणि रागही येतो. आलापल्ली-बल्लारपूरचा साग देशभर नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपुरातून सागवान वाजतगाजत निघालं. इथं मात्र स्वतःच्या धुऱ्यावरचं सागाचं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते, लाकूड हलवायला वेगळा पास लागतो. दोन फळ्यांसाठी एवढे खेटे कोण घालणार? या घरानं आपला मार्ग काढला होता. जुन्या घराच्या माळ्याच्या फळ्या उतरवून ठेवल्या होत्या. कित्येक वर्षं धूर खाल्लेलं सागाचं लाकूड. नवीन विकत घेऊनही इतकं सुकलेलं मिळालं नसतं. जिथं तेही पुरलं नाही तिथं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सपाट केला.

नाकाकडे फळीला थोडा बाक द्यावा लागतो. त्यासाठी ती रात्रभर ओली ठेवली, मग मंद जाळावर धरली. थोरला मुलगा वरून पाण्याचे शिपके मारत होता आणि धाकटा एका टोकावर दगड ठेवत होता. फळी कुरकुरत वाकली. घाई केली तर ती तंतूत फाटते, म्हणून मध्येच जाळ ओढून घ्यायचा, थांबायचं, पुन्हा पुढे.

पण सगळी नाव ज्यावर तरते ते काम सांध्यांचं. अंबाडीचा वाख किंवा जुन्या सुती लुगड्याची चिंधी घेऊन तिचा सैलसर पीळ करतात, गरम डांबरात बुडवतात आणि बोथट केलेल्या पटाशीनं सांध्यात ठोकत नेतात. इथं लोखंडी हातोडी चालत नाही, लाकडी मोगरीच लागते. पीळ कमी भरला तर पाणी झिरपतं. जास्त भरला तर आणखी वाईट: फळ्या पुढे पाण्यात फुगतात, त्यांना जागा उरत नाही, आणि दाब येऊन खिळेच उपटतात. किती भरायचं हे मोगरीच्या आवाजावरून ठरतं म्हणे. आजोबा तेंदूची पानं मोजत बसलेले, पाठ नावेकडे, आणि तरी मध्येच ओरडले, "बस झाला नं बापू! थो आवाज बदलला, आयकू नाही येत का?" मुलानं पटाशी काढून पुढे सरकवली.

डांबर तीन दगडांच्या चुलीवर, पत्र्याच्या पिंपात. नुसतं डांबर थंडीत तडकतं, म्हणून त्यात गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल थोडं मिसळतात. काठीला चिंधीचा बोळा बांधून दोन हात द्यायचे, एक आज, एक तो वाळल्यावर. पूर्वीची माणसं राळ आणि तेल वापरत. डांबर स्वस्त, काम झटपट, पण त्याच्या धुरानं डोळे दिवसभर चुरचुरतात आणि हातावरचे काळे डाग रॉकेलनंही धड निघत नाहीत.

मग परीक्षा. नाव उताणी केली, ओंडक्यांवरच ठेवली आणि आत बादल्या ओतल्या. बाहेरचं पाणी आत येतंय का हे नदीत गेल्यावर पाहण्यापेक्षा आतलं पाणी बाहेर कुठं पडतंय हे अंगणात पाहणं शहाणपणाचं. सून खाली वाकून कोळशानं खुणा करत गेली. चार ठिकाणी थेंब, एका ठिकाणी धार. तेवढे सांधे पुन्हा उघडून भरले. शेवटी नाव नदीवर नेऊन उथळ पाण्यात दगड घालून चक्क बुडवली. दोन रात्री ती पाण्याखाली राहिली, लाकूड फुगलं, सांधे आपोआप आवळले गेले. काम नसताना नाव उन्हात ठेवण्यापेक्षा बुडवून ठेवणं बरं, हे या काठावर पोरासोरांनाही ठाऊक आहे.

उरलेली जोडणी किरकोळ वाटते, पण तिच्यात हिशेब असतो. बसायची फळी या वेळी वीतभर मागं घेतली, कारण जाळं आता थोरला ओढतो आणि तो बापापेक्षा वजनानं भारी. तो पुढे उभा राहिला की नाक दबायचं. शिवणीच्या हलक्या लाकडाचं वल्हं, उथळ पाण्यात रेटायला बांबू, नांगर म्हणून दोरी बांधलेला दगड, पाणी उपसायला कापलेला तेलाचा डबा. त्यानंतर दोघं नावेत बसले, भिजलेलं जाळं आत घेतलं आणि आजोबांनी काठावरून पाहिलं: कड पाण्याच्या वर एक वीत राहिली. तेवढी राहिलीच पाहिजे. सपाट बुडाची नाव सुरुवातीला डुगडुगत नाही, माणसाला भरवसा वाटतो. पण एकदा का कडेवरून पाणी आत आलं की ती सावरायला वेळच देत नाही.

आणि पाणीही आता पूर्वीसारखं सांगून येत नाही. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे, अलीकडे चिचडोह बॅरेजचे 38. इथं आभाळ कोरडं असतानाही रात्रीत नदी चढते. त्यामुळे नाव बांधायची दोरी यंदा दुप्पट लांब घेतली आणि खुंट्याऐवजी ती काठावरच्या झाडाला बांधली. दरवाजे उघडल्याचा निरोप मोबाईलवर येतो, रेंज असली तर.

सरकारी मदत नाही असं नाही. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नाव आणि जाळ्यांसाठी अनुदान आहे: सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60. ढिवर भटक्या जमातींत मोडतात, म्हणजे पुरुषाच्या नावावर 40 टक्केच. उरलेले पैसे आधी उभे करायचे कुठून, म्हणून माळ्याच्या फळ्या.

मासेमारीची हीच नाव हंगामात माणसंही वाहते. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला, धान कापायला मजूर जातात. पुलानं जायचं तर लांबचा वळसा आणि अर्धी मजुरी भाड्यात. 2024 च्या जानेवारीत याच तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी गेल्या. आजोबांनी पाहिलेली ती एक वीत दोन माणसं आणि एका ओल्या जाळ्यासाठी आहे. सात-आठ जण बसले की ती संपते, मग सांधे कितीही नीट भरलेले असोत.

तेव्हा घाटावर नाव भरलेली दिसली तर दुसऱ्या खेपेला थांबा. आणि नावेला अनुदान देणाऱ्यांनी तिच्यासोबत लाइफ जॅकेटही द्यावीत, निदान मिरचीच्या हंगामाआधी.