मिरची गल्लीतल्या शिंका

एप्रिलची दुपार. लालबागच्या मिरची गल्लीत वळताच आधी नाक चुरचुरतं, मग डोळे. दुकानांपुढे उघडी पोती: ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी. आत मसाला कुटणाऱ्या डंखांचे लोखंडी मुसळ एकामागून एक आदळतायत. पायाखालची फरशी हादरते.

रांग हलत नाही. प्रत्येकीच्या पायाशी डबा. त्यात भाजलेल्या मिरच्या, वर धणे, दगडफूल, नागकेसर. पदर नाकावर. "यंदा मिरची आणखी महागणार," एक काकू म्हणतात. तेवढ्यात शेजारची शिंकते. "बघा, सत्य आहे!"

आजीच्या कडेवरचं बाळ शिंकतं. आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, "शतायुषी हो रे बाळा." फार जुनी आहे ही इच्छा. पाली जातकांतल्या 155व्या कथेत उपदेश करताना बुद्धांनाच शिंक येते आणि भिक्खू "जीवतु, जीवतु" असा गलका करतात की उपदेश थांबतो. बुद्ध तसं म्हणायला मनाई करतात. पण गृहस्थ लोक ते शुभ मानतात, हे कळल्यावर मुभा देतात. शास्ता लोकांसाठी एक पाऊल मागे येतो, हे मला फार मोठं वाटतं.

पुढच्या डंखावर एक चाचा शिंकतात. "अल्हम्दुलिल्लाह." मागचा तरुण लगेच, "यरहमुकल्लाह." चाचा वळून त्याच्यासाठी दुआ मागतात. शिंकणाऱ्यानं आधी ईश्वराचे आभार मानायचे, मग ऐकणाऱ्यानं त्याच्यासाठी दया मागायची, असा हा क्रम. तुर्कस्तानात शिंकणाऱ्याला म्हणतात, "चोक याशा", खूप जग. तो उत्तर देतो, "सेन दे गोर": ते पाहायला तूही अस. याहून सुंदर उत्तर मी ऐकलेलं नाही.

घराबाहेर पडताना शिंक आली की आपल्याकडे थांबवतात, पाणी देतात. इथे तो शकुन कोणी पाळत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन नाकातल्या मज्जातंतूंना चेतवतं आणि सगळ्यांना सारखंच शिंकायला लावतं. डंखावरचा कामगार मात्र शांत आहे. तोंडाला फडकं, भुवयांवर लाल भुकटी. रोजच्या माऱ्यानं ते तंतू हळूहळू बधिर होतात.

रांग दोन पावलं सरकते. पुन्हा शिंक, पुन्हा कुणाचा तरी आशीर्वाद.

मसाल्याच्या दिवसांत इकडे आलात तर रुमाल आणा. आणि शेजारी अनोळखी कोणी शिंकलं, तर तुमच्या घरात जे म्हणतात ते त्याला ऐकू जाईल असं म्हणा.