संसर्ग सरल्यानंतरचा दाह

ज्या विकाराला पुढे मे २०२० मध्ये ‘मुलांमधील बहुअवयवी दाहक लक्षणसमूह’ असे नाव मिळाले, त्याची पहिली इत्तला इंग्लंडमधील डॉक्टरांना एप्रिलच्या अखेरीस पोहोचली. आणि कोविड मुलांना फारसा छळत नाही, या तोवरच्या दिलाशाला तिने बाध आणला. हा दाह संसर्गाच्या भरात उद्भवत नाही. संसर्ग सरून, कित्येकदा झाल्याची घरात कोणाला वार्ताही नसताना, दोन ते सहा आठवड्यांनी मुलाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अनावर होऊन हृदय, आतडी, त्वचा आणि रक्तवाहिन्या यांवर उलटते. न उतरणारा ताप, पू नसलेले लालबुंद डोळे, अंगावर पुरळ, आणि पोटात अशी कळ की अपेंडिक्सच्या संशयावरून काही मुलांवर शस्त्रक्रियाही झाल्या! जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेल्या विकाराशी याचे साम्य पुष्कळ. परंतु तो बहुधा पाच वर्षांखालील बालकांना गाठतो, हा बव्हंशी शाळकरी मुलांना, आणि रक्तदाब अकस्मात खालावणे हे याचे अधिक भयावह अंग होय. घशातील स्रावाची तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त राहू नये. गतसंसर्गाची साक्ष रक्तातील प्रतिपिंडे देतात, म्हणून मागील महिना-दीड महिन्यात घरात कोणाला ताप येऊन गेला काय, हा तपशील पालकांनी आवर्जून सांगावा. दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे शिरेवाटे देणे आणि स्टेरॉइड, हे मुख्य उपचार. ते वेळेवर झाले तर बहुसंख्य मुले बरी होतात. घरी आल्यावरही हृदयाची ‘इको’ तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते, आणि मूल कितीही हट्ट करो, काही महिने धावण्याखेळण्यास डॉक्टरांची मनाई असते.