वर्षावास संपला, आता विहाराच्या गच्चीकडे पाहा

वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन झाले, आश्विन पौर्णिमेला समारोप झाला आणि सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. या काळात अनेक विहारांत वाचन चालू असताना एका कोपऱ्यात बादली ठेवलेली होती, हेही आपण पाहिले आहे. पाऊस थांबला की बादली उचलली जाते आणि गळतीचा विषय पुन्हा थेट जूनच्या बैठकीत निघतो. तेव्हा पाऊस दारात असतो, मिस्त्री मिळत नाही आणि गच्चीवर ताडपत्री टाकून वेळ मारून नेली जाते.

गच्चीच्या कामाचा खरा हंगाम हिवाळा आहे. स्लॅब कोरडा झालेला असतो, गळतीचे डाग ताजे असतात आणि उन्हाळ्यासारखे सिमेंटमधले पाणी झपाट्याने उडून जात नाही. समितीलाही निधी गोळा करायला आणि दोन-तीन ठिकाणचे दर मागवायला सवड असते.

धोका कशाला आहे?

शहरांतल्या बऱ्याच विहारांत खाली भाड्याचे गाळे आणि वर सभागृह, अभ्यासिका, ग्रंथालय अशी रचना असते. गाळ्यांच्या भाड्यावर वीजबिल आणि अभ्यासिकेचा खर्च चालतो. छत गळले की आधी भिंतीतली वायरिंग ओली होते, मग कपाटातले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड भिजतात. सगळ्यात मोठे नुकसान मात्र दिसत नाही. पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. तो आतून काँक्रीट फोडतो आणि एक दिवस छताचा पोपडा खाली पडतो. खाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले बसलेली असतात.

आधी निदान, मग खर्च

छतावर जिथे डाग दिसतो, नेमके त्याच्या वरूनच पाणी शिरते असे नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत लांब जाऊन टपकते. म्हणून आत्ताच खोल्यांचा साधा नकाशा कागदावर काढून डाग खुणावून ठेवा. पाऊस नसतानाही ओल वाढत असेल, तर दोष गच्चीचा नसून पाण्याच्या टाकीचा किंवा पाइपचा असू शकतो. अशा वेळी गच्चीवर ओतलेला पैसा वाया जातो.

त्यानंतर गच्ची झाडून या जागा तपासा.

पहिली जागा पन्हाळींची. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे ९,३०० लिटर पाणी जमा होते. पाला आणि मंडपाच्या सुतळ्यांनी पाइप तुंबला तर ते गच्चीवरच साचते. बादलीभर पाणी ओतून ते पाइपातून झटकन जाते का ते पाहा आणि तोंडाला जाळी बसवा. गच्चीवर डबकी राहत असतील तर उतार बिघडला आहे. दर शंभर फुटांना किमान एक फूट उतार हवा.

दुसरी जागा कठड्याची. गच्ची आणि कठडा मिळतात तो कोपरा लवकर फुटतो. तिथे सिमेंटची गोलाई करतात, मिस्त्री तिला वाटा म्हणतात. ती उखडली असेल तर नवी करून घ्या. वर स्तूपाचा घुमट असेल तर त्याच्या बुडाचा सांधाही असाच तपासावा.

तिसरी जागा आपणच पाडलेल्या छिद्रांची. पंचशील ध्वजाचा पाइप, जयंतीच्या रोषणाईचे खांब, सोलर पॅनेलचे पाय, फलकाचे बोल्ट हे सगळे स्लॅबमध्ये ठोकलेले असते. जुनी छिद्रे बुजवा. यापुढे ध्वजासाठी एकदाच पक्का चौथरा बांधा.

चौथी जागा पिंपळाची. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते आणि कठड्याच्या भेगेत रोप उगवते. बोधिवृक्ष म्हणून ते काढायला हात धजत नाही. पण त्याची मुळे भेग रुंद करत जातात, आणि नुसते वरून छाटले तर ते पुन्हा फुटते. रोप लहान असतानाच मुळासकट काढून अंगणात किंवा मोकळ्या मैदानात लावावे. झाडाचा आदरही राहील आणि इमारतही.

काम करताना

दिवसा ऊन आणि रात्री थंडी यामुळे स्लॅब रोज थोडा पसरतो आणि आकसतो. दहा मीटर लांबीत २० अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर हालचाल होते. म्हणून हलत्या भेगेत नुसते सिमेंट भरू नये, ते पुन्हा तडकते. ताण सोसणारे लवचीक सीलंट वापरावे. हिवाळ्यात पहाटे दव पडते. ओलसर पृष्ठभागावर दिलेला लेप पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून ऊन चढून गच्ची कोरडी झाल्यावरच लेपाला हात घालावा. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारायचेच, थंडी आहे म्हणून ते टाळू नये.

जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याचा सल्ला सहज दिला जातो. चार इंच विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो होते. असे दोन-तीन थर जुन्या स्लॅबने का सोसावेत? सळया उघड्या पडल्या असतील किंवा तुळईला तडे असतील, तर मिस्त्रीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे.

काम संपल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर इंचभर पाणी ४८ तास साठवा आणि खालून छत पाहा. खिळखिळ्या स्लॅबवर मात्र ही चाचणी करू नका. ठेकेदाराच्या रकमेचा काही हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच लिहा.

दान कशासाठी?

मूर्तीसाठी, कमानीसाठी, संगमरवरी फरशीसाठी दाते पुढे येतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. गच्चीसाठी कोणी येत नाही. आपली परंपरा मात्र वेगळे सांगते. कान्हेरीच्या डोंगरावर खडकात पन्हाळी खोदून पावसाचे पाणी लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरवले आहे. या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत पोढी म्हटले आहे, आणि पोढी दान करणाऱ्या उपासकांची नोंद लेण्याच्या दात्यांइतक्याच आदराने कोरलेली आहे. पावसाच्या पाण्याची सोय करणे हे त्या काळी धम्मदानच होते.

येत्या महिन्याच्या बैठकीत गच्ची हा पहिला विषय घ्या. जिन्याच्या भिंतीवर दात्यांची पाटी लावा, त्यात रोज पाणी मारणाऱ्या तरुणांचीही नावे असू द्या. पुढच्या आषाढ पौर्णिमेला ग्रंथवाचन सुरू होईल तेव्हा कोपऱ्यात बादली नसावी.

जय भीम, नमो बुद्धाय.