भुताच्या बंगल्यात, बोट धरून

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून इकडच्या आजी-आजोबांकडे छायाचित्रे येऊ लागतात. अंगणात टांगलेली पांढऱ्या कापडाची भुते, पायरीवर डोळे-दात कोरलेला भोपळा, त्याच्या पोटात पेटती मेणबत्ती आणि शेजारी काळा झगा घालून दात विचकणारी नात. ३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन. त्या दिवसांत तिकडे गावोगावी झपाटलेली घरे उभी राहतात आणि आईबाप मुलांना घेऊन, रांग लावून, पैसे मोजून भिऊन येतात. हिंगोलीकडच्या एखाद्या आजीला हे समजावून सांगितले, तर तिला फारसे नवल वाटायचे नाही. "म्हंजे आपल्या दसऱ्यातला भूतबंगलाच की!" एवढेच ती म्हणेल, आणि तिचे काही चुकणार नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. गावाचा दसरा मात्र जिल्ह्याहून फार जुना. खाकीबाबा मठाच्या महंतांनी १८५५ साली तो सुरू केला असे सांगितले जाते. म्हैसूरच्या खालोखाल आपलाच, असे हिंगोलीकर छातीवर हात ठेवून सांगतात. कोल्हापूरकर आणि बस्तरकर यांना ते मान्य आहे की नाही, या वादात आपण पडू नये. रामलीला मैदानावर रामलीला होते, दसऱ्याच्या रात्री रावण जळतो, आणि या सगळ्याच्या भोवती प्रदर्शन भरते. हिंगोलीत 'प्रदर्शन' म्हणजे चित्रांचे किंवा पुस्तकांचे नव्हे. आकाशपाळणा, मौत का कुआँ, बांगड्यांची आणि प्लास्टिकच्या खेळण्यांची दुकाने, भज्यांचा घाणा, गुलाबी साखरेचा 'बुढ्ढी का बाल' असा सगळा पसारा म्हणजे प्रदर्शन. सोयाबीनची काढणी याच दिवसांत येते. भाव बरा लागला की गर्दी मैदानात मावत नाही आणि भाव पडला की लोक येतात, पण पाळण्याखाली उभे राहून वर पाहतात. दसऱ्याला माहेरी आलेल्या लेकी, त्यांची लेकरे, मामा, आत्या असा आठ-दहा जणांचा गट एका जीपमधून उतरतो. त्या सगळ्यांना एकाच वेळी, एकाच कारणाने ओरडता येईल अशी जागा या मैदानात एकच.

अशा जत्रांतून फिरणारा भूतबंगला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो वर्णन करून सांगायला नको. दर्शनी भागावर रंगवलेली कवटी, केस सोडलेली बाई आणि तिच्या ओठांवरून ओघळणारा लाल रंग. ही चित्रकला सरळ रामसे बंधूंच्या सिनेमांच्या फलकांवरून आलेली. भोंग्यातून एक हास्य अखंड चालू. ते दर मिनिटाला त्याच जागी खरखरते. लाकडी फळ्यांच्या पायऱ्या, काळा पडदा, आणि मग पत्रा व प्लायवूड यांची एक नागमोडी वाट. पायाखालची फळी अचानक खचते. तोंडावर दोरे येतात, ते कोळ्याचे जाळे असते. कुठून तरी गार पाण्याचा शिडकावा होतो. हिरवा दिवा लुकलुकतो आणि पेटीचे झाकण उघडून सांगाडा उठतो. त्याची दोरी पलीकडून कोणी ओढते तेही ऐकू येते. शेवटच्या वळणावर रबराचा मुखवटा घातलेला एक पोरगा अंगावर धावून येतो. पाच मिनिटेही लागत नाहीत. भिंत इतकी पातळ की शेजारच्या विहिरीत फिरणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज सारखा येत राहतो.

एवढ्या फाटक्या सामानात भीती कशी मावते, हा प्रश्न आत जाईपर्यंतच पडतो. एरवी मिशीला पीळ देणारा बाप आपोआप तिसऱ्या-चौथ्या नंबरावर सरकतो. दहा वर्षांची पोर पुढे होते, कारण तिला मागे राहणे जास्त भीतीचे वाटते. सुनेला घरात मोठ्याने हसण्याची चोरी असते, तिथे ती मनसोक्त किंचाळते. आणि सासू तिचा हात घट्ट धरून चालते. तो हात अंधारात कोणाचा म्हणून धरला हे बाहेर आल्यावर कोणी विचारत नाही. बाहेर आल्यावर सगळे हसत असतात, आणि जो सर्वात जास्त भ्यालेला असतो तोच "यात काय हाय भेण्यासारखं?" असे विचारतो. आमच्याकडे कुटुंब एकत्र बसते ते बहुधा जेवायला, नाहीतर टीव्हीपुढे, आणि आता तर एकेकाच्या हातात एकेक फोन घेऊन. सगळ्यांनी एकमेकांना घट्ट धरून चालावे असे प्रसंग किती येतात, ते ज्याचे त्याने मोजावे.

यातल्या युक्त्या जुन्या आहेत आणि बऱ्याचशा विलायतेच्या आहेत. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२ च्या डिसेंबरात जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणले. कल्पना मुळात हेन्री डर्क्स यांची. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये एक मोठी स्वच्छ काच तिरपी उभी करायची. खाली लपलेल्या नटावर प्रखर उजेड टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेत दिसते आणि पलीकडचा खरा माणूस त्याच्या आरपार दिसतो. रात्री एसटीच्या खिडकीत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो, तोच हा प्रकार. तीन वर्षांनी, १८६५ मध्ये, लंडनमध्येच स्टोडेअर नावाच्या जादूगाराने टेबलावरचे बोलते मुंडके दाखवले. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे अशा कोनात बसवलेले, की खालचा माणूस झाकला जातो आणि बाजूचा पडदाच मागचा म्हणून दिसतो. आपल्या जत्रांतली धड नसलेली बाई आणि सापाचे अंग असलेली नागकन्या या त्याच आरशाच्या लेकी. दहा-वीस रुपयांत एवढे प्रकाशशास्त्र दुसरीकडे कुठे मिळते, सांगा पाहू.

हॅलोवीनचेही मूळ असेच लांबचे आहे. आयर्लंडकडच्या केल्ट लोकांचा हिवाळ्याच्या तोंडाचा सण, त्यावर बसलेला १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, आणि त्या सुमारास मेलेली माणसे घरी येतात ही समजूत. त्यांच्या नावाने पाव-पोळ्या वाटायच्या. आपल्याला यात परके काय आहे? नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस आपण हेच करतो; फक्त आपले पितर कावळ्याच्या रूपाने येतात आणि त्यांना वडे, खीर लागते. तिकडे आधी सलगम कोरत, अमेरिकेत भोपळा मिळाला म्हणून भोपळा आला. (आपल्या गोष्टीतली म्हातारीही भोपळ्यात बसूनच वाघाच्या तावडीतून सुटते, पण आपण तो कोरला नाही, त्याची भाजी केली.) तिथे १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, या रात्री पोरे फार धुडगूस घालू लागली तेव्हा आईबापांनी तळघरांतून भुताच्या वाटा उभारल्या, म्हणजे पोरे निदान डोळ्यांसमोर राहतील. पुढे १९६९ साली डिस्नेलँडमध्ये भुताचा वाडा उघडला आणि त्याचा मोठा धंदा झाला.

आता जरा हिंगोलीच्या खऱ्या भयाकडे वळू. या गावात १८१९ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. रिसाला बाजार, तोफखाना ही नावे त्या काळाची. या फौजेतला एक अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांवरची आपली प्रसिद्ध कादंबरी छापली, आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा एक प्रकार लिहून ठेवला. हरीसिंग नावाचा छावणीतला एक प्रतिष्ठित व्यापारी. टेलर आणि इतर अधिकाऱ्यांचे त्याच्याशी देवघेवीचे व्यवहार. त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी साहेबाकडून रीतसर परवाना घेतला, ज्याचे कापड येत होते त्या व्यापाऱ्याला माणसांसकट वाटेत मारले, आणि परवान्याच्या जोरावर माल छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने हे स्वतःच सांगितले, आणि तेही एक गंमत म्हणून. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, त्याच्या टोळीने माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. ते खड्डे उकरले तेव्हा आपण हजर होतो, असे टेलर लिहितो. इंग्रजांनी ठगांचे चित्र भडक रंगवले असे पुढच्या इतिहासकारांनी म्हटले आहे, आणि ते ध्यानात ठेवलेले बरे. तरीही दुकानात हसून मापे भरणारा तो माणूस मुखवटा घातलेल्या पोरापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो, कारण त्याने काही मुखवटाच घातलेला नव्हता.

मराठवाड्यातल्या लेकराच्या वाट्याला भूत पहिल्यांदा येते ते प्रदर्शनात नव्हे, घरात. भाकर खात नाही म्हणून बागुलबुवा येतो. पिंपळावर मुंजा असतो, विहिरीत हडळ असते, आणि रात्री शेताच्या वाटेवर चकवा लागतो. ही भुते दारात तिकीट घेत नाहीत आणि त्यांच्या बंगल्याला बाहेर पडायचा दरवाजाही नसतो. लेकराला ती मोठेपणी पुरतात. भानामतीच्या नावाखाली या मुलखातल्या किती बाया भुंकल्या, किती जणींवर संशय घेतला गेला आणि किती जणींना मार बसला, हे येथे कोणाला नव्याने सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. कायदा मांत्रिकाला धरतो. लेकराच्या मनातल्या मुंजाला धरायला पोलीस पाठवता येत नाही.

म्हणूनच मला हा भूतबंगला आवडतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावात येऊन पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आपोआप पेटणारा होम दाखवतात आणि मग त्याची रीतही दाखवतात. ते काम भूतबंगला नकळत करतो. खेळ संपल्यावर मागच्या बाजूने एक फेरी मारावी. तिथे भूत मुखवटा कपाळावर सरकवून चहा पीत बसलेले असते. त्याचे दंडही पाहावेत. भ्यालेली माणसे हात चालवतात आणि त्या पोराला दिवसातून एकदोन तरी फटके बसतातच. ज्या लेकराने भूत चहा पिताना पाहिले, ते पिंपळाखालून जाताना कदाचित भीतच राहील. पण भुताची मागची बाजू शोधायची असते, एवढे त्याला ठाऊक झालेले असते. याउलट, तीन-चार वर्षांच्या रडणाऱ्या पोराला "मर्द हायेस ना?" म्हणत आत ओढणारे बापही मी पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे? त्या वयात मुखवटा आणि चेहरा वेगळा करता येत नाही. पोर नको म्हणाले की बाहेरच थांबावे, आजीजवळ, चपला राखीत.

आणि एक गोष्ट आत जाण्याआधी बापाने पाहायची असते. अमेरिकेत न्यू जर्सीमधील एका मोठ्या करमणूक उद्यानातल्या भुताच्या किल्ल्याला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले गेली. अंधारात भिंती चाचपडताना लागू नये म्हणून लावलेल्या फोमने लायटरची ज्योत धरली होती, आणि पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आपल्याकडे राजकोटच्या खेळघरात २५ मे २०२४ रोजी पंचवीसहून अधिक माणसे जळाली, त्यांत मुले होती. काळे पडदे, प्लायवूड, उघड्या जोडाच्या वायरी आणि मुद्दाम चुकवणारी वाट, असे सगळे भुताच्या घरात एकत्र आलेले असते. तेव्हा तिकीट काढताना दुसरा दरवाजा कुठे आहे ते विचारावे. विचारल्यावर तिकीटवाला हसला, तर आकाशपाळण्याकडे वळावे. नगरपालिकेने आणि आयोजकांनी परवाना देताना तोच प्रश्न विचारला, तर गर्दीतल्या बापाला तो विचारावा लागणार नाही.

रात्री रावण जळाला की मैदान रिकामे होऊ लागते. जीपमध्ये मागच्या फळीवर दाटीवाटीने लेकरे बसतात, हातात फुगे आणि कागदातली थंड झालेली भजी. आत खरी भुते तीनच होती: पेटीतला सांगाडा, केस सोडलेली बाई आणि तो मुखवट्याचा पोरगा. कळमनुरीच्या वाटेवर त्यांची पाच होतात. "आन एकानं तर माझा पायच धरला व्हता," धाकटे सांगते, आणि थोरले ते खोडत नाही, कारण त्याला सहावे भूत सांगायचे असते. गुडघे दुखतात म्हणून घरी राहिलेली आजी दार उघडते, तोवर सात झालेली असतात.